भाऊंच्या कानातली सीमा

भाऊ, परवा कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. फोटोला हार घालून झाल्यावर एक गृहस्थ माइकपाशी गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "सरांनी जन्मभर ध्वनी शिकवला. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाणारा ध्वनी. आज सर स्वतःच सीमा ओलांडून दुसऱ्या माध्यमात गेले." लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी "वा!" सुद्धा म्हणालं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही असता तर पहिल्या रांगेतूनच हात वर केला असता आणि म्हणाला असता, "साहेब, सीमेवर दोन अटी असतात. तुम्ही एकही तपासून पाहिली नाही."

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले, फोटोकडे पाहिलं आणि खाली बसले. जन्मभर तुमच्याशी तोंड वाजवणाऱ्या बाईला त्या दिवशी एक वाक्य सुचेना. म्हणून आता लिहितेय. भौतिकशास्त्राला कीर्तनाला बसवायचं नाही, हा तुमचा नियम मोडणार नाही. उपमा देणार नाही. जे झालं तेवढंच सांगते.

मी साक्रीकडून जळगावला एम. एस्सी.ला आले तेव्हा मुकी होते. बोलता येत होतं, पण आमच्या गावाकडची बोली अहिराणी, आणि तोंड उघडलं की 'आहे'च्या जागी 'शे' बाहेर पडेल नि शहरातली पोरं हसतील, या धास्तीने मी तोंडच उघडत नव्हते. तुमच्या पहिल्या तासाला तुम्ही एकेकाला उभं करून नाव विचारलं. माझी पाळी आली. मी पुटपुटले. "ओठ हलले, आवाज नाही आला. परत सांग," तुम्ही म्हणालात. मी परत पुटपुटले. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. खडू पुढे केलात आणि म्हणालात, "लिही. मला ऐकू कमी येतं, वाचता चांगलं येतं."

मग टेबलाच्या खणातून नादकाटा काढलात. रबराच्या तुकड्यावर आपटून कानासमोर धरलात. "काही नाही," म्हणालात. लगेच त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवलात आणि चेहरा असा उजळला, जणू कुणी खुशाली कळवली. "आता येतोय. सुरेख येतोय." वर्गाला वाटलं, सर गंमत करताहेत. तुम्ही शांतपणे समजावलंत. बाहेर हवा आहे, कानाच्या अगदी आत पाण्यासारखा द्रव आहे. हवेतला आवाज त्या द्रवावर थेट येऊन आदळला तर जवळजवळ सगळा माघारी फिरतो. तो फिरू नये म्हणून मधे तीन चिमुकली हाडं बसवलेली असतात. कानाच्या मोठ्या पडद्यावरचा जोर गोळा करून ती एका लहानशा खिडकीवर आणून ठेवतात. "माझं तिसरं हाड, ते रिकिबीच्या आकाराचं, आखडलंय. त्यामुळे तुमचं बोलणं माझ्या दारापर्यंत येतं आणि दारावरूनच परत जातं. हाच आपला पुढचा धडा. द्रव असो की वायू, वाहतो तो द्रायू. अशा दोन द्रायूंच्या सीमेवर ध्वनीचं काय होतं."

स्वतःचं बहिरेपण इतक्या मोकळेपणाने टेबलावर ठेवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही फारसे पाहिले नाहीत. आमच्याकडे कमी ऐकू येणारी माणसं ऐकू आल्यासारखं दाखवतात, भलत्या ठिकाणी हसतात आणि हळूहळू ओट्यावर एकटी पडतात. तुम्ही त्याचा धडा केलात.

आणि एक नियम केलात. फळ्याच्या डाव्या बाजूला उभी रेघ ओढलेली असे. रेघेपलीकडची जागा विद्यार्थ्यांची. प्रश्न विचारायचा तर उठून यायचं, खडू घ्यायचा आणि तिथे लिहायचा. ओरडून विचारलेला प्रश्न चालत नसे, मग तो कितीही मोठ्या गळ्याच्या पोराचा असो. उत्तर मिळाल्याशिवाय प्रश्न पुसायचा नाही, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. पहिले काही दिवस पुढच्या बाकावरची तरबेज पोरंच लिहायची. मग मधल्या बाकांवरच्या मुली उठू लागल्या. लिहिताना वर्गाकडे पाठ असते, भाऊ. कोण हसतंय ते दिसत नाही, आणि लिहिण्यात कुणाची बोली ऐकू येत नाही. मग मीही उठले. अक्षर सरळ आलं.

त्या दिवशी तुम्ही पहिली अट शिकवली होती. सीमेच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच असला पाहिजे. का? "सीमेला जाडी नाही, म्हणून वजन नाही. वजनच नाही त्याच्यावर एका बाजूने जास्त जोर पडला तर ते कुठल्या कुठे उडून जाईल. तसं होताना दिसत नाही. म्हणजे दाब सारखा." मग दुसरी अट. सीमेला काटकोनात दोघांचा वेग सारखा. "हवा वर सरकली आणि पाणी जागेवर राहिलं तर मधे पोकळी पडेल. पाणी वर आलं आणि हवा हलली नाही तर पाणी हवेत घुसेल. दोन्ही होत नाही. हलायचं तर दोघांनी बरोबर." या दोन ओळींवर अख्खं प्रकरण उभं आहे, पाठांतर करू नका, असं म्हणून तुम्ही खडू ठेवलात. मी रेघेपलीकडे लिहिलं : सीमेला वजनच नसेल, तर ती दोघांना वेगळं कशी ठेवते?

तुम्ही ते वाचलंत, चष्मा काढलात, पुसलात, परत वाचलंत. "ती वेगळं ठेवतच नाही," म्हणालात. "हवा तिच्या हलकेपणाने वर राहते, पाणी त्याच्या जडपणाने खाली. आपण त्या जागेला नाव दिलंय एवढंच." मग वर्गाकडे वळून म्हणालात, "उत्तर दिलंय, तरी हा प्रश्न आज पुसू नका." माझ्या बापाने मला अंगठी दिली असती तर एवढा आनंद झाला नसता.

हिवाळ्यात तुम्ही वर्गाला असोद्याला तुमच्या शेतात भरीत खायला न्यायचात. खानदेशात हे काही नवल नाही, इथे थंडी पडली की शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या झडतात. पण तुमच्या पार्टीत प्रात्यक्षिक असायचं. एकीकडे तुमच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या वहिनी, कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजत, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचत, आणि दुसरीकडे मुलगे विहिरीत उतरून पाण्याखाली दगडावर दगड आपटत. डोकं पाण्यात असेल त्याला टकटक थेट मेंदूत घुसल्यासारखी ऐकू यायची. काठावर उभ्या असलेल्याला जवळजवळ काहीच नाही. मुलींनी विहिरीत उतरायचं नाही, अशी गावाची रीत. तुम्ही गावाशी वाद घातला नाहीत. केळीच्या बागेकडचा सिमेंटचा हौद काठोकाठ भरून ठेवलात आणि म्हणालात, "कान बुडाले म्हणजे झालं."

मी वाकून दोन्ही कान हौदात बुडवले. बाहेरून मैत्रिणी माझ्या नावाने ओरडत होत्या, मला त्यातलं गुणगुणण्याइतकंही येत नव्हतं. पुस्तकातलं वाक्य माझ्या कानात खरं ठरत होतं आणि मी खूश होते. तेवढ्यात शेताची लाइट आली.

पंपाचा ऑटो स्विच बंद करायला तुम्ही विसरला होता, भाऊ. दोन द्रायूंच्या सीमेचा धडा तोंडपाठ असलेला जळगावचा प्राध्यापक एवढी एकच गोष्ट विसरू शकतो. लाइट कधीही येते म्हणून शेतकरी स्विच ऑटोवर ठेवतो आणि तुम्ही आधी शेतकरी होता. पाइपाचं तोंड हौदाच्या पाण्यात बुडालेलं. मोटर सुरू झाली, पाइपात कोंडलेली हवा हौदात फुटली, आणि माझ्या दोन्ही कानांत आभाळ कोसळलं. मी केसांतून पाणी निथळत उसळून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा शंभर माणसांत ओरडावं तशी ओरडले, तेही अस्सल अहिराणीत, "भाऊऽ! माले मारी टाकशात का तुम्ही!"

मग तुम्ही हसायला लागलात. पोट धरून हसलात. आणि तुमच्या घरच्या लेवा बोलीत म्हणालात, "आयकू आलं! अवं, आयकलं का? या पोरीले आवाज हाये!" त्या दिवसापासून मी तुम्हाला सर म्हणायचं सोडलं आणि तुम्ही मला नावाने हाक मारायचं. मी 'साक्रीवाली' झाले.

भरीत खाता खाताच आपला तो वाद सुरू झाला. तुम्ही म्हणालात, "पाहिलं ना? हवेतला आवाज पाण्यात जात नाही." मी गणित मांडून आले होते. म्हटलं, "भाऊ, पाणी जड. हवेचा धक्का बसला तरी ते हलत नाही, भिंतीसारखं उभं राहतं. भिंतीवर दाब दुप्पट होतो. पाण्यातही जवळजवळ दुप्पट दाब जातो. आणि तुमचीच पहिली अट सांगते की दोन्हीकडे दाब सारखा. मग आवाज गेला नाही कसं म्हणता?" तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "दाब गेला. पण पाणी हललं किती? नसल्यासारखं. दाबाला वेगाने गुण. ऊर्जेचा हजारातला जेमतेम एक वाटा आत जातो. बाकी सगळा परत." "पण कान दाब मोजतो!" "कानाला काही तरी हलावं लागतं, साक्रीवाली." "बठ्ठा नही जास, पन जास!" सगळा नाही जात, पण जातो, असं मी म्हटलं. "जात नही!" तुम्ही म्हणालात. वहिनी आणखी भाकरी वाढायला आल्या आणि म्हणाल्या, "जेवा आंधी, मंग जाऊ द्या त्याले."

तो वाद कधीच संपला नाही. मी धुळ्याला शिकवायला लागले, लग्न झालं, मुलगी झाली, तुमच्या मोबाइलवरून अधूनमधून तीन शब्द येत : "गेला का आवाज?" कुशल विचारायची तुमची तीच पद्धत. मी उत्तर पाठवी, "दुप्पट गेला." एकदा मी माशाची साक्ष काढली, की पाण्यातल्या माशाला काठावरच्या माणसाची चाहूल लागते. तुम्ही लिहिलंत, "ती चाहूल पावलांची. जमिनीतून येते. साक्षीदार फितूर आहे." ऊर्जा विचारली तर तुम्ही बरोबर होता, दाब विचारला तर मी. हे आपल्या दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण वाद मिटला असता तर मी धुळ्याहून बसने भांडायला आले नसते, आणि तुम्ही हातातली गरम भाकरी गार होऊ दिली नसती.

खरा वाद दुसराच होता, आणि तो मात्र मी गमतीने घालत नव्हते. तुमचा कान.

ते आखडलेलं हाड काढून त्याजागी दुसरा इवलासा तुकडा बसवतात, हे तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बहुतेकांना गुण येतो, क्वचित कुणाचा आहे तोही कान जातो. मशीन एकदा घेतलं होतं. ते कानात शिट्ट्या मारी आणि वहिनींच्या भांड्यांचा खणखणाट डोक्यात घालत असे. शेवटी वहिनींनी ते मसाल्याच्या कपाटात ठेवून दिलं. मी ऑपरेशनचा विषय काढला की तुम्ही म्हणायचात, "अजून वर्ग आहे." मला वाटलं, सुट्टी मिळत नसेल. एकदा चिडून विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत. कान आला तर तो फळ्याचा नियम ठेवता येणार नाही. ऐकू येणाऱ्या माणसाने लिहून विचारा म्हटलं तर ती नुसती शिस्त होईल, पोरं ती मानणार नाहीत. मोठ्या गळ्याची पोरं पुन्हा जागेवरून विचारतील आणि मधल्या बाकावरच्या मुली पुन्हा खाली मान घालून बसतील. "मला कमी ऐकू येतंय ते त्यांच्या उपयोगाचं आहे," तुम्ही म्हणालात.

मी ओरडले. तुमच्याशी दुसरं कसं बोलणार होते? म्हटलं, हा हट्ट आहे, त्यागाचा सोस आहे, घरात वहिनींना एक वाक्य चार वेळा सांगावं लागतं त्याचं काय? वहिनी बाजूला बसून शेंगा सोलत होत्या. माझा राग आजही पुरता गेलेला नाही, भाऊ. वहिनींच्या वतीने तो मी ठेवून घेतलाय. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत, तरी धुळ्यात माझ्या वर्गात फळ्यावर रेघ आहे. ऐकू येणाऱ्या माणसाचा नियम पोरं मानतात. पहिल्या महिन्यात कुरकुरतात, मग मानतात. हे तुम्हाला सांगितलं असतं तर ऑपरेशनला न जायचं तुमचं कारण तिथेच निकालात निघालं असतं, पण त्याआधी तो नियम हवाच, हे तुमचं म्हणणं खरं होतं असं मला कबूल करावं लागलं असतं. आपल्या भांडणात ते बसत नव्हतं.

मग तुम्ही निवृत्त झालात. वर्ग संपला. मी म्हटलं, आता तरी? तुम्ही केळीच्या घडांकडे बोट दाखवलंत, कटाई होऊ दे. मग कापूस होऊ दे. गेल्या खेपेला आले तेव्हा माझा घसा बसला होता, कॉलेजात सलग तास झाले होते. बागेत पंप चालू होता. मी काही तरी सांगत होते, तुम्ही हात कानामागे धरून "काय?" म्हणत होता. शेवटी मी सगळा जीव एकवटून ओरडले, "मग काय मरेपर्यंत ओरडूनच बोलू का मी तुमच्याशी?" तुम्ही ते ऐकलंत. हसलात. बसस्टँडवर सोडायला आलात, खिडकीतून केळीची फणी आत दिलीत आणि हात हलवलात.

त्यानंतर आपली भेट झाली नाही. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत, असं वहिनींनी फोनवर सांगितलं.

शोकसभेनंतर मी असोद्याला गेले. वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्या घरात कुणालाच मोठ्याने बोलायची गरज उरली नव्हती आणि ते सहन होत नव्हतं. मग वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "तुले सांगायचं ऱ्हायलं, बाई. त्यायनं कान करून घ्यायचं ठरोलं व्हतं. दिवाई झाली का जाऊ म्हने. डाक्टरले सांगून बी आले व्हते."

मी त्यांच्याकडे वळले. म्हटलं, "आत्ता? वर्ग होता तेव्हा नाही, मी एवढं डोकं फोडलं तेव्हा नाही, आणि आत्ता कशाला?"

"मी बी तेच इचारलं. इतकी वरसं मी वरडली तं नही, मंग आता काहून? तं हासले. म्हने, तुहा आवाज मले लगनापासून माहीत हाये, तव्हा कान चांगले व्हते. पन ती साक्रीवाली आली तव्हापासून मी तिले वरडतानाच आयकलं. ती तिच्या पोरीशी, तिच्या घरात, हयू, न वरडता बोलत असन तं कशी बोलत असन? येकडाव आयकाचं हाये, म्हने."

भाऊ, माझा हळू आवाज जाड आहे. थोडा घोगरा, आईच्या वळणावर गेलेला. मुलगी लहान असताना तिला झोपवायला मला गाणं म्हणावं लागत नसे, नुसतं बोललं तरी पुरे होई. दमले की त्यात अहिराणी येते. तुम्हाला तो आवडला असता, असं मला वाटतं. हे सगळं मी लिहिता लिहिता वाचत बसले आहे, शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही इतक्या हळू.